नंबर दोन

दुबईत जुमेरा लेक टॉवर्सच्या एकोणिसाव्या मजल्यावरून मी घानातला एक जिल्हा मार्गी लावला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर उंटांनाही तोटा नाही. नदी कुठे वळते, कोकोच्या बागा कुठे, डिस्ट्रिक्ट असेंब्लीत किती मेंबर, आमच्या कंपनीच्या अहवालात सगळं मीच लिहिलं. त्यातल्या गावांच्या यादीवरून नवे दवाखाने ठरणार होते.

यादीत दोन अडोमाक्रोम होती, नंबर एक आणि नंबर दोन. म्हटलं, आपलं बुद्रुक आणि खुर्द असतं तसंच. आमच्याकडे दोन्ही मिळून एकच ग्रामपंचायत. मी नंबर दोन नंबर एकमध्ये मिळवून टाकलं आणि हुशारीवर खूश होऊन डबा खाल्ला. मी स्वतः खुर्दचा.

फाइल गेल्यावर आठवड्याने कळलं की लॉबीतला सिक्युरिटी गार्ड क्वाबेना त्याच जिल्ह्याचा. मी कौतुकाने त्याला नकाशा दाखवला, नव्या दवाखान्यांचंही सांगितलं. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"सर, हे नंबर एक. आमचं नंबर दोन, नदीच्या अलीकडे. पावसात पलीकडे जाता येत नाही. माझ्या बहिणीला ऑगस्टमध्ये बाळ होणार आहे." मग जरा ताठ उभा राहून म्हणाला, "असेंब्लीत आमचा मेंबरसुद्धा वेगळा आहे."

"फायनल कॉपीत आहे ते," मी म्हणालो. खोटं इतकं सहज निघालं की मलाच आश्चर्य वाटलं.

वर जाऊन साधना मॅडमना सगळं सांगितलं. त्या आमच्या मॅनेजर, पुण्याच्या.

"सदानंद, क्लायंटने साइन ऑफ केलंय. मंजुरीची मीटिंग उद्या आहे. आता रिव्हिजन म्हणजे तीन आठवडे. खलास."

मी एक मेल लिहिला. ड्राफ्टमध्ये ठेवला. तो अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी क्वाबेनाने माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवली. "सर, आईला फोन केला. गाव नकाशावर आहे, दवाखाना येतोय म्हणून सांगितलं. बहीण आता दुसरीकडे जाणार नाही, घरीच थांबणार. आई म्हणाली, त्या इंडियन साहेबाचं देव भलं करो."

लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. एकोणीस मजले मी आकडे बदलताना बघत राहिलो.

दुपारी व्हिसाच्या कामासाठी टायपिंग सेंटरला गेलो. काउंटरवरच्या अबरारने माझ्या पासपोर्टवरून जन्मगाव टाइप करायला घेतलं आणि मध्येच थांबला.

"भाईसाब, नाम लंबा है. ये 'खुर्द' डिब्बे में नहीं बैठ रहा. काट दूँ?"

"काट दो," मी म्हणालो.