तिथे कोणी नाही

चादरीची आपल्याकडची दोन टोकं वकीलबाईंच्या हातात देता देता गोगलगाय म्हणाली, "ताई, मी तुमच्या धर्मात यायचं ठरवलंय. पुढच्या आठवड्यात." आणि लोंबणारी घडी धरायला ती खाली वाकली. वकीलबाईंच्या हातून चादर सुटली. धुतलेली, अजून गरम असलेली चादर थेट ओल्या फरशीवर.

"अगंबाई," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. एरवी जिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसे, त्या बाईची ही गत. चादर पुन्हा धुवायला टाकली, दुसरी उचलली, आणि सुटी होईपर्यंत दोघी मुकाट घड्या घालत राहिल्या.

इस्पितळाच्या लॉन्ड्रीतली ही जोडी जुनी. वकीलबाईंनी कोर्टाची पायरी कधी पाहिली नव्हती. नाव पडलं ते जिभेमुळे. त्यांचा नवरा म्हणे, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, भिंत निदान उलट बोलत नाही. गोगलगाय त्यांच्याहून बरीच लहान, अंगाने बारीक, बोलणं कमी. पण बोलली की नेमकं बोलायची, म्हणून बायकांनी तिला 'गोगलगाय नि पोटात पाय' मधली गोगलगाय करून टाकलं होतं. दोघींचे धर्म वेगळे, पण त्याचं तिथे कुणाला काही नव्हतं. मुकादमीण तर पाहुण्यांना अभिमानाने सांगे, आमच्याकडे सगळ्या देवांची माणसं एकाच साबणाने धुतात.

वाद मात्र रोज चाले. धर्म जन्माने मिळतो की निवडायचा असतो, बदलणारा पळपुटा की धाडसी, देवाकडे मागावं की मागू नये. आणि हे सगळं चादरींवर. खाटेची चादर म्हणजे एकटीचं काम नव्हे. दोघींनी दोन टोकांना उभं राहायचं, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींजवळ येऊन टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे जायचं. इस्त्रीच्या यंत्रांची घरघर अशी, की लांबून बोललेलं काही ऐकू येत नसे. टोकं जुळताना तोंडाजवळ तोंड आलं की जे बोलाल तेवढंच पोचायचं. म्हणजे एका वेळी फार तर दोन-तीन तुकडे. 'कदाचित', 'मला आपलं वाटतं', 'तसं पाहिलं तर' असल्या शब्दांना तिथे जागाच नव्हती. वकीलबाईंना हे फार मानवलं होतं. मागे जाता जाता वाक्य घासूनपुसून तयार करायचं आणि पुढे येऊन हाणायचं. वर म्हणायला मोकळ्या, मी कुणाला ओढत नाही हो, मी आपली बोलते. माणसाचं मन कसं मोकळं हवं.

आता या मोकळ्या मनाचं करायचं काय, ते त्यांनाच कळेना. खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्यांच्या प्रार्थनाघरात कुणी एक माणूस आणला तर आणणाऱ्याचं कोण कौतुक होई. पण घरी जाताना काहीतरी खुपत होतं, आणि ते काय, ते त्यांना आठवत नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी आठवलं. सुटी झाल्यावर फाटकाशी गोगलगायीचा नवरा उभा होता. इमारती रंगवायचं काम करायचा तो. नखांत आणि कानामागे पांढरा रंग कायमचा. बायको पुढे गेल्याची खात्री करून तो वकीलबाईंकडे आला. त्यांनी चालता चालताच उत्तरं जुळवायला घेतली होती. भांडायला आला असता तर बरं झालं असतं, भांडणात त्यांना कोण हरवणार होतं? पण तो हात जोडून उभा राहिला.

त्याने आधी आभार मानले. त्याची चार वर्षांची मुलगी तापाने गेली, तेव्हापासून बायकोची झोप उडाली होती. थंडी पडली की अंथरुणात उठून बसायची. पोरीला जमिनीत गार लागत असेल म्हणायची आणि पांघरूण काखेत मारून दफनभूमीकडे निघायची. त्याने रस्त्यातून तिला परत आणायचं. गेल्या हिवाळ्यात एक दिवस ती कामावरून घरी आली आणि म्हणाली, ताईच्या धर्मात सांगितलंय, गेलेला जीव मातीत नसतोच, तिथे कोणी नसतं. त्या रात्री ती गाढ झोपली. तेव्हापासून झोपतेय.

"मग मी कशाला अडवू तिला?" तो म्हणाला. "फक्त एक आहे, ताई. पोरीच्या शेजारची जागा आम्ही दोघांसाठी धरून ठेवलीय. ती तुमच्यात आली की आमची माणसं तिला तिथे घेणार नाहीत. पोरीजवळ मी एकटाच असेन. तेही चालेल मला. पण उद्या म्हातारपणी तिच्या मनात आलं, की पोर तिथेच होती आणि मीच तिच्याजवळची जागा सोडली, तर? तुम्ही एवढं ठामपणे सांगितलंत, म्हणजे तुम्हाला खात्री असणारच. तेवढंच विचारायला आलो."

"मी विचारून सांगते," वकीलबाई म्हणाल्या.

विचारून! म्हणजे कुणाला? ते वाक्य कुठल्या ग्रंथात नव्हतं की कुणा उपदेशकाच्या तोंडचं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या दिवशी चहाच्या वेळी त्या आपल्या देवाच्या मोठ्या मनाबद्दल रंगात येऊन बोलत होत्या. गोगलगायीने कपावर फुंकर घालत विचारलं होतं, एवढं मोठं मन आहे तर मग दार एकच का ठेवलंय? बायका फिदीफिदी हसल्या. मुकादमीण तर डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत हसली. वकीलबाईंच्या ते वर्मी लागलं. पुन्हा कामाला लागल्यावर त्या टपूनच होत्या. एकदा टोकं जुळताना गोगलगाय भलत्याच विचारात होती. म्हणाली, थंडी वाढली ना ताई, माझ्या पोरीला गार लागत असेल. आणि मागे गेली. वकीलबाईही मागे गेल्या. त्या चार पावलांत त्यांना आई दिसली नाही, फट दिसली. पुढे येऊन त्यांनी हाणलं, "तुमच्यात राहतात माणसं मातीत. आमच्यात गेलेला जीव मातीत नसतो. तिथे कोणी नाही." गोगलगाय त्यावर दिवसभर काही बोलली नव्हती. त्या संध्याकाळी घरी भाकरी थापताना वकीलबाईंनी नवऱ्याला मिटक्या मारत सांगितलं होतं, आज कशी गप्प केली तिला.

आता तीच आठवण नकोशी झाली. मेलेल्या पोरीच्या जिवावर आपण एक वाद जिंकला. कुठल्या तोंडाने हे कुणाला सांगायचं?

तरी एक आशा होती. आपल्या धर्मात खरंच तसं असेल. आपण नकळत खरं बोलून गेलो असू. त्या प्रार्थनाघराच्या उपदेशकांकडे गेल्या. ते कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, असं नेमकं कुठे म्हटलेलं नाही. थोरामोठ्यांत यावर मतभेद आहेत. कुणी म्हणतात, जीव लगेच निघून जातो. कुणी म्हणतात, बोलावणं येईपर्यंत तिथेच थांबतो.

"थांबतो म्हणजे, त्याला सगळं कळत असतं?" वकीलबाईंनी विचारलं.

उपदेशकांनी खांदे उडवले. मग झारी खाली ठेवून ते प्रसन्न हसले. वाक्य मात्र छान सुचलं हो तुम्हाला, म्हणाले. आधी बाईला आत तर येऊ द्या, बारकावे मागाहून बघू. निघताना त्यांनी वकीलबाईंना शाबासकीही दिली. घरी आल्यावर त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं. नवऱ्याने विचारलं, आज काय वाद हरलीस की काय? त्या उठून आत गेल्या.

शब्द मागे घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं. पण चादरींवर ते जमण्यासारखं नव्हतं; मागे घ्यायला फार शब्द लागतात. म्हणून जेवणाच्या सुटीत त्या गोगलगायीला लॉन्ड्रीच्या मागे घेऊन गेल्या. तिथे मोडक्या खाटा रचून ठेवल्या होत्या आणि यंत्रांचा आवाज पार पुसट होता. एका खाटेच्या कडेला दोघी बसल्या. वकीलबाईंनी लांबून सुरुवात केली. सगळे धर्म चांगलेच. घर गळतं म्हणून कुणी लगेच घर बदलत नाही. वर्षभर थांब, घाई कसली. नवऱ्याचा विचार कर, सासरमाहेरचा कर. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की इतकी वर्षं रोज बोलून आपण हिच्याशी पहिल्यांदाच सरळ लांब वाक्यं बोलतोय, आणि तीही पोकळ.

गोगलगाय ओढणीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"ताई, तूच म्हणायचीस, बदलणारा धाडसी असतो."

"म्हणायचे गं. बोलायला काय जातं?"

"त्याने तुला जागेचं सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मी त्याचा विचार केलाय," गोगलगाय म्हणाली. "पोर तिथे असती, तर जीव गेला असता तरी मी ती जागा सोडली नसती. पण रिकाम्या मातीशेजारी पडून मी काय करू?"

आता बोलायलाच हवं होतं. वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं. अगं, ते मी रागाने बोलले. माझं हसं झालं होतं, ते फेडायला बोलले. आमच्यात असं काही सांगितलेलं नाही, कुणालाच काही माहीत नाही. एवढं बोललं की झालं. जागा शाबूत, नवरा शाबूत, आणि वकीलबाईंच्या छातीवरचा दगडही उतरला असता. त्यांनी तोंड उघडलं.

गोगलगाय त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कधी गेली, ते वकीलबाईंच्या लक्षात आलं नव्हतं. गाल भरले होते. एका बाजूला उशीचा वळ अजून पुसट दिसत होता.

"ती नाहीये ना तिथे?" तिने विचारलं.

वकीलबाईंना कळलं, की आपण खरं बोललो तर आपला जीव हलका होईल, आणि पोर मात्र या क्षणी परत जमिनीत जाईल, थंडीत, काळोखात. या वेळी तिला तिथे ठेवणारे हात आपले असतील. त्यांनी पदर नीट केला.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिथे कोणी नाही."

गोगलगायीने मान हलवली आणि डबा उघडला. भूक लागली होती तिला.

पुढच्या आठवड्यात ती प्रार्थनाघरात आली. वकीलबाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, कारण राहावंच लागलं. तिचा नवरा बाहेर रस्त्यापलीकडे थांबला होता. सगळं आटोपल्यावर बायांनी वकीलबाईंना गराडा घातला, हात हातात घेतले, भाग्यवान आहात म्हणाल्या. उपदेशकांनी सगळ्यांसमोर त्यांना उभं केलं आणि नाव घेऊन कौतुक केलं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं म्हणतात ते काय असतं, हे त्यांना त्या टाळ्यांत समजलं. रंगाऱ्याने रस्त्यापलीकडून एकदा त्यांच्याकडे पाहिलं होतं. त्याला त्यांनी अजून काही विचारून सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वाद बंद झाले. एका धर्मातल्या दोघी, भांडणार कशावर? बायका चिडवत, आता चादरी फार सरळ घड्या होतात हो. गोगलगाय हसे. तिचं दफनभूमीत जाणंही थांबलं होतं. तिने ते सहज सांगितलं, दुकान बदलल्यासारखं.

थंडी पडली तशी वकीलबाईंची झोप मोडायला लागली. त्या अंथरुणात उठून बसत. नवरा कूस बदलत विचारी, आता काय झालं? त्या म्हणत, काही नाही, झोपा तुम्ही.

एका सुटीच्या सकाळी त्या दुसऱ्या धर्माच्या दफनभूमीत गेल्या. राखणदाराला विचारलं, रंगाऱ्याची पोर म्हटल्यावर त्याने बोट दाखवलं. रंगारी तिथे उकिडवा बसून गवत उपटत होता. पोरीची जागा स्वच्छ केलेली होती. शेजारच्या दोन माणसांच्या मोकळ्या जागाही त्याने तितक्याच स्वच्छ ठेवल्या होत्या, दोन्ही.

वकीलबाईंना पाहून तो चपापला, मग उठला. आता हा विचारणार, असं त्यांना वाटलं. काय सांगायचं ते त्यांच्याजवळ तयार नव्हतं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, मग त्यांनी दूर काढून ठेवलेल्या चपलांकडे. त्याने काही विचारलं नाही. बादली उचलली आणि पाणी आणायला लांबच्या नळाकडे निघून गेला.

वकीलबाई गुडघे धरत खाली बसल्या. मातीवर हात ठेवला. माती गारठलेली होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि जवळपास कोणी नाहीसं बघून वाकल्या.

"तुझी आई झोपते हो आता," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तिची काळजी करू नकोस."