झिऱ्यातलं चाक

मीनानं जीपचं मागचं दार उघडलं आणि लगेच ओढणी नाकाशी धरली. आत ओल्या कुत्र्याचा वास होता. त्यावर कुणीतरी लिंबाच्या वासाचा फवारा सढळ हातानं मारला होता आणि दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी झालं होतं. सीटच्या शिवणीत पिवळे केस आणि चिप्सचा चुरा अडकला होता. दाराच्या कप्प्यात गुटख्याच्या रिकाम्या पुड्या चुरगळून कोंबलेल्या.

“सॉरी वहिनी, आमचा रॉकी,” जीपचा मालक सनी म्हणाला. “त्याला पण चिखलात जायची लय आवड. देण्याआधी सगळं धुऊन देतो ना आपण.”

“बस ना तू,” पुढच्या चाकाजवळून आवाज आला. रविवारी सकाळी सात वाजता तिचा नवरा एका अनोळखी माणसाच्या जीपखाली उताणा पडून टॉर्चच्या उजेडात काहीतरी न्याहाळत होता. त्याचे फक्त बूट दिसत होते.

धनराज सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. मार्चपासून त्याच्या डोक्यात एकच होतं. अशी गाडी घ्यायची, जी रस्ता संपला तरी थांबणार नाही. छपरावर घडीचा तंबू, मागे स्टोव्ह आणि पाण्याचे कॅन, आणि तीन महिने बिनपगारी रजा. आधी हिमाचलातलं स्पिती, मग तिथून पुढे जमेल तसं. ही चौथी गाडी. शोरूममधल्या नव्या गाडीला वर्षभराची वाट होती. देवळाली कॅम्पातल्या जुन्या जिप्सीची चासी हाताला लागताच भुगा होऊन पडली. पिंपळगावच्या द्राक्षवाल्याची गाडी चांगली होती, पण धनराजच्या मते ती ‘मॉलला जायची’ गाडी होती. मीना दर वेळी बरोबर गेली. रविवारी तिला सुट्टी असे, आणि घरी बसून त्याची वाट बघण्यापेक्षा हे बरं, असं तिनं आधी ठरवलं होतं.

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. पू, रक्त, ओकारी, चौदा वर्षांत यातल्या कशानंच तिला मळमळलं नव्हतं. गाड्या बघायच्या या तीन आठवड्यांत मात्र तिला बसल्या जागी किळस यायला लागली होती. चिखलानं माखलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघत जेवणाऱ्या नवऱ्याची, त्या व्हिडिओंतल्या पोट सुटलेल्या माणसांच्या हिरव्या जॅकेटांची, ‘जंगलाशी एकरूप’ होण्याच्या त्यांच्या गप्पांची.

धनराज जीपखालून निघाला. पाठीला माती, तोंडावर हसू.

“खालून एकदम स्वच्छ आहे,” तो तिला म्हणाला.

“आतून बघ,” ती म्हणाली.

सनीचं नाशिकला टाइल्सचं दुकान होतं. तिशीतला, गोरा, मनगटात तीन-चार रंगीत दोरे. ही जीप विकून त्याला मोठी गाडी घ्यायची होती. “गाडी अशी पार्किंगमध्ये बघायची नसते दादा,” तो म्हणाला. “हरसूलच्या बाजूला आपला नेहमीचा ट्रॅक आहे. तिथं नेऊन दाखवतो. मग तुम्हीच ठरवा.”

त्र्यंबक मागे टाकून गाडी घाटाला लागली. सनी एका हातानं चालवत होता आणि अखंड बोलत होता.

“लोक गाडी घेताना काय बघतात? रंग आणि स्क्रीन केवढी आहे ते. तुम्ही बरोबर बघता. पोटाखाली जागा किती, लो गिअर आहे का, छप्पर तंबूचं वजन पेलेल का. आणि मेन म्हणजे, लांब कुठं बंद पडली तर तिथला मेकॅनिक तिला हात लावेल का. या गाडीला कोणीपण हात लावतो. साधं इंजिन. हातोडीनं पण चालू होतं.”

धनराज मान डोलावत होता, मधूनच वहीत काही टिपत होता. मीना काचेबाहेर बघत होती. एप्रिलचे उघडे डोंगर, भाताच्या रोपांच्या राबासाठी भाजून काळी केलेली वावरं, सागाची पानं गळून उभे राहिलेले सोट. पेठच्या पलीकडे, अशाच एका डोंगराच्या पोटातल्या पाड्यावर ती वाढली होती. चौथीनंतर आश्रमशाळा, मग नाशिक. धनराजचे वडीलही तिकडचेच, पण ग्रामसेवक होऊन ते लवकर बाहेर पडले आणि धनराज जन्मला तो सरकारी क्वार्टरमध्ये. घरची बोली त्याला समजायची, बोलता यायची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या पाड्यावर गेला तेव्हा त्यानं चुलीचे, कणगीचे, तिच्या आईच्या भेगाळलेल्या टाचांचेसुद्धा फोटो काढले होते. ते फोटो तिनं नंतर त्याच्या मोबाइलमधून गुपचूप काढून टाकले.

डांबर संपलं. सनीनं गाडी थांबवून दुसरा गिअर-दांडा ओढला, दार उघडून लाल पिंक टाकली आणि जीप सरळ ओहोळात उतरवली.

ओहोळ म्हणजे गोटेच होते, मधूनमधून टीचभर पाण्याची डबकी. जीप डावीउजवीकडे झुकत, कण्हत वर चढू लागली. सनीनं आता दुसऱ्या हातात मोबाइल धरून पुढचं चित्रण सुरू केलं होतं. एका डबक्यातून गेल्यावर गढूळ पाण्याचा पडदा काचेवर आला. धनराज पोरासारखा हसला. मीनानं वरची कडी घट्ट धरली होती. 

मग पुढचं डावं चाक कशात तरी गेलं. गाडी क्षणभर खाली बसल्यासारखी झाली आणि सहज वर आली.

“कळला का खड्डा?” सनी ओरडला. “वहिनी, कळला का? नाही ना? हेच तर म्हणतो मी! हातात चहाचा कप असता तरी सांडला नसता.”

मीना मागच्या काचेतून बघत होती. गोट्यांचं एक वर्तुळ होतं, ते फुटलं होतं. त्यावर झाकलेला पळसाच्या फांद्यांचा भारा चिखलात रुतला होता. काठावरच्या करंजाखाली दोन बाया उभ्या होत्या. एक म्हातारी, एक तरणी, तरणीच्या कडेवर मूल. पायाशी तीन रिकामे हंडे.

“थांबव,” मीना म्हणाली.

“आता पुढं खरी चढण आहे वहिनी—”

“गाडी थांबव!”

म्हातारी त्यांच्याआधीच झिऱ्यापाशी पोचली होती. वाळूत हातभर खणलेला खड्डा, त्यात थेंबाथेंबानं झिरपणारं पाणी. आता तिथं नुसता तांबडा राडा होता आणि त्यावर चाकानं सोडलेला तेलाचा सप्तरंगी पापुद्रा हळूहळू पसरत होता.

“डोळं फुटलं का रं तुझं?” म्हातारी सनीला म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “झाकून ठेवला व्हता ना? दिसत नाय?”

“आजी, खरंच नाही दिसला. पण वर टाकी आहे ना तुमची? येताना बघितली मी. निळी.”

“टाकी हाय. पानी चढत नाय.”

सनीनं डिकी उघडून पाण्याच्या बाटल्यांचं खोकं काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. “हे घ्या. फुल खोकं. फिल्टरचं आहे.”

म्हातारीनं एक बाटली उचलून तरणीच्या हातात दिली. “पोराला पाज.” मग सनीकडे वळली. “आन् म्हशीला काय ह्याच्यातनंच पाजू?”

सनी हसला. त्याच्या दातांच्या फटीत लाल रंग साचला होता. मीनानं ओढणी पुन्हा नाकाशी धरली. याला काही लागतच नव्हतं. आणि ज्याला लागायला हवं होतं, तो धनराज हात खाली सोडून नुसता उभा होता, तोंड उघडं ठेवून.

“बघितलंस?” ती त्याला म्हणाली. “हा तुझा ट्रॅक.”

धनराजनं तिच्याकडे बघितलं नाही. त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले आणि तो राड्यात गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला.

“आसं नाय रं दादा,” तरणी हसून म्हणाली. “आसं केलं की रेती परत आत येती.”

“मग कसं?” धनराजनं विचारलं.

“आधी रुंद कर. मंग खोल.”

कसं करायचं ते मीनाला पाठ होतं. आधी वरची ओली रेती लांब फेकायची, नाहीतर पाण्याबरोबर ती परत येते. मग मोठे गोटे तळाशी, बारके वर. दहा वर्षांची असताना ती पहाटे उठून आईच्या आधी झिऱ्यावर जाऊन बसायची.  आता धनराजचं धनराजला निस्तरू दे, असं मनाशी म्हणत ती करंजाच्या सावलीत उभी राहिली. सनी जीपमध्ये जाऊन बसला होता. इंजिन चालू, एसी चालू. धुराचा भपका अधूनमधून सावलीपर्यंत येत होता.

म्हातारी तिच्याजवळ येऊन टेकली. लोक तिला अक्काबाई म्हणतात, असं तिनं आपण होऊन सांगितलं. कमरेची चंची काढून पान जुळवता जुळवता तिनं मीनाकडे खालून वर बघितलं.

“कठली गं तू, बाय?”

“नाशिकची,” मीना म्हणाली.

खणणारे हात थांबले. धनराजनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. कोपरापर्यंत लाल झालेले हात, कपाळावर चिखलाचा फटकारा. मग तो पुन्हा खाली वाकला.

तासभर गेला. पहिलं पाणी आलं ते अक्काबाईनं फेकायला लावलं. दुसरंही. तेलाचा पापुद्रा तिनं पळसाच्या पानानं टिपून टिपून बाहेर काढला. तिसऱ्या वेळी पाणी निवळ झालं, म्हणजे तळ दिसू लागला. तरणीनं वाटीनं ते हंड्यात भरायला घेतलं, हंड्याच्या तोंडावर लुगड्याचा धडपा बांधून. सनीनं दोनदा हॉर्न वाजवला. कुणी बघितलं नाही.

अक्काबाईनं धडपा सैल करून कळकट जर्मन धातूचा पेला हंड्यात बुडवला आणि धनराजला दिला.

“पी. दमला आसशील.”

धनराजनं तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात प्यायला. थोडं पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं. त्यानं पेला परत पुढे केला, म्हातारीनं भरला, तो पुन्हा प्यायला.

मग तिनं तिसऱ्यांदा पेला भरून मीनापुढे धरला.

मीनानं तो घेतला. पाणी थंड होतं, पेल्याला बाहेरून दव धरलं होतं. तिला तो गारवा ओळखीचा होता. तो वासही ओळखीचा होता, रेतीचा, पाल्याचा, किंचित शेवाळी. पेला ओठांशी आला. तळाशी तांबडा गाळ बसत होता आणि त्याच्यावर काहीतरी बारीक, केसाएवढं, वळवळत होतं.  तिनं प्रयत्न केला, डोळे बंद करून. ओठ उघडेनात.

“नको मावशी,” ती म्हणाली. “पोट बरं नाहीये माझं.”

अक्काबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं. रागानं नाही. दवाखान्यात मीना स्वतः नव्या रुग्णाकडे जशी बघायची, तशी.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “तुमच्यासारक्यांना नाय सोसायचं.”

तिनं पेला काढून घेतला. पाणी टाकून दिलं नाही. सांडू न देता, धडप्यावरून परत हंड्यात ओतलं.

परतीच्या वाटेवर डांबर लागलं. सनीला पुन्हा कंठ फुटला.

“एक तास गेला, पण क्लिप खतरनाक आलीये,” तो म्हणाला. “तो डिप बघा तुम्ही दादा, गाडी हलत पण नाही. मग काय, फायनल करायची?”

“कळवतो,” धनराज म्हणाला.

‘कळवतो’चा अर्थ सनीला धंद्यानं शिकवला होता. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला. धनराज मांडीवर तळवे उताणे ठेवून बसला होता. नखांत रेती होती, ती तो काढत नव्हता. मीनाला त्याला काहीतरी लागेलसं बोलायचं होतं. सकाळपासून तिनं ते घोळवून ठेवलं होतं. आता ते कुठल्या तोंडानं बोलायचं, ते तिला सुचेना.

त्र्यंबकच्या अलीकडे एका टपरीवर सनीनं चहाला गाडी थांबवली. मीना उतरली ती सरळ बाकावरचा प्लॅस्टिकचा जग उचलून टपरीच्या मागे गेली. तिनं चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली, खळखळवली, थुंकली. बोटानं जीभ घासली. डोळ्यांत पाणी आलं तरी घासत राहिली.

धनराज मागे येऊन उभा राहिला. पायांत बूट नव्हते, हातात होते.

“मीना,” तो हळूच म्हणाला, “तू तर प्यायलीच नव्हतीस.”

तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते तिलाही सांगता आलं नसतं. प्लॅस्टिकच्या जगात अजून अर्धं पाणी होतं. तिनं तो पुन्हा तोंडाला लावला.