नवव्या पानावरचे ठिपके

"सही कुठे करायची तेवढं दाखव, फुटपट्टी. बाकीचं मी वाचणार नाही," असं म्हणत कॅप्टनांनी लॉगबुक टेबलावर टाकलं आणि पेनाचं टोपण काढलं.

लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, जिची होती ती मुलगी त्यांच्या मागे दारातच उभी होती. अर्ध्या तासापूर्वी ती विमान उतरवून आली होती. गालावर अजून हेडफोनचे वळ होते आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. प्रात्यक्षिक परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती. तिची आई नर्स होती. ड्यूटी संपवून ती थेट इकडे आली होती आणि बाहेरच्या बाकावर बसून फोनवर एकेका नातेवाइकाला तेच तेच सांगत होती.

फ्लाइंग क्लबात नोंदी तपासणाऱ्या फुटपट्टीकाकांनी कॅप्टनांना एकेक रकाना दाखवला. तारीख, विमानाचा क्रमांक, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, शेऱ्यात 'प्रात्यक्षिक परीक्षा, उत्तीर्ण', खाली परीक्षकाची सही आणि परवाना क्रमांक. कॅप्टन दर वेळी क्रमांक विसरायचे आणि काका त्यांना दर वेळी दारातून परत बोलवायचे. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

फ्लाइंग क्लबातल्या लोकांना वाटायचं, चाकं धावपट्टीला टेकली की उड्डाण संपलं. काकांच्या हिशेबी ते पानाखालची बेरीज जुळल्यावर संपायचं. स्वतः ते विमानात दोनदाच बसले होते आणि दोन्ही वेळा त्यांना उलटी झाली होती. पण परीक्षेआधी पात्रतेचा शिक्का आणि परीक्षेनंतर शेवटची तपासणी, ही दोन्ही कामं त्यांची. स्टीलची फुटपट्टी ओळीखाली धरायची, वेळा वजा करायच्या, तोंडी बेरीज करायची आणि ओळ बरोबर निघाली की तिच्या शेजारी पेन्सिलीने बारीकसा ठिपका द्यायचा. हे ठिपके फक्त आपल्यालाच माहीत आहेत, असं त्यांना वाटायचं. शिवाय त्यांचा एक नियम होता, आणि पोरं त्यांची नक्कल करताना तो हमखास म्हणून दाखवायची. पांढरी शाई वापरायची नाही. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि छोटी सही.

"झालं?" कॅप्टनांनी विचारलं. दोन महिन्यांतून एकदा ते परीक्षा घ्यायला येत, आणि दुपारच्या गाडीने परत जात.

"एकदा पानं बघतो. तुम्ही चहा घ्या," काका म्हणाले.

ते दोघं बाहेर गेल्यावर काकांनी खणातून भिंग काढलं. हे भिंग बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं. चार महिन्यांपूर्वी तीच त्यांना धरून डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. "अहो, ऑफिसात सांगून टाका एकदाचं," बायको रोज म्हणायची, आणि काका रोज सोमवारचा वायदा करायचे. हे टेबल गेल्यावर सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं. त्या प्रश्नाची त्यांना खरोखर भीती वाटत होती.

भिंगाखाली नववं पान आलं आणि काकांचा हात थांबला. आठव्या पानावर ठिपके होते, दहाव्यावर होते. नवव्यावर एकही नव्हता.

त्यांना तो दिवस आठवला. तीन आठवड्यांपूर्वी, परीक्षेआधीच्या तपासणीत, ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. मुलीचं अक्षर नीटनेटकं, बेरजा कधी न चुकणाऱ्या. एवढं एक पान सोडलं तर काय बिघडतंय, असं म्हणून त्यांनी ते उलटलं होतं आणि पुस्तकावर 'पात्र' असा शिक्का मारला होता.

आता त्यांनी फुटपट्टी ठेवली. चौथी ओळ. निघाली आठ दहाला, उतरली नऊ चाळीसला. म्हणजे दीड तास. पुढे तिने लिहिलं होतं, एक तास पन्नास मिनिटं. काकांना लगेच उमगलं. विमानातलं मीटर तासाचे दशांश दाखवतं. त्यावरचा एक पूर्णांक पाच हा आकडा पोरीने घाईत तासमिनिटांच्या रकान्यात तसाच ढकलला होता. ही चूक प्रत्येक नवशिका एकदा तरी करतो. आजवर शेकड्यांनी पकडल्या होत्या त्यांनी, पकडून वर टिंगलही केली होती.

वीस मिनिटं जास्त धरली गेली होती. एकट्याने केलेल्या लांबच्या उड्डाणांचे दहा तास भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मुलीच्या पुस्तकात दहा तास पाच मिनिटं होती. खरी निघाली नऊ तास पंचेचाळीस. परीक्षेच्या दिवशी ती पात्रच नव्हती, म्हणजे नियमाने आजची परीक्षाही धरली जाणार नव्हती.

परवाना देणारं वरचं ऑफिस फक्त शेवटच्या पानावरच्या बेरजा बघायचं. नवव्या पानापर्यंत कोणी जाणार नव्हतं. पानावरच्या नऊ ओळींना नऊ ठिपके द्यायचे, शिक्का मारायचा, आणि सोमवारचा वायदा पुढच्या सोमवारवर टाकायचा. पेन्सिल त्यांच्या हातातच होती. पण पहिल्या ओळीशेजारी टोक टेकवायला गेले तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी पेन्सिल ठेवली आणि दोघांना आत बोलावलं.

ऐकता ऐकता मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पुस्तक ओढून घेतलं, वेळा बोटांवर मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"काका, पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "पंधराच मिनिटं कमी आहेत."

"हो बाळा."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? तुमचा शिक्का आहे ना यावर?"

कॅप्टनांनी तिला जरा बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि खुर्ची ओढून बसले. वर्षभरात इतकी चांगली उडणारी पोर आपण पाहिली नाही, असं ते हळू आवाजात म्हणाले. पंधरा मिनिटांनी ती काही कमी वैमानिक होत नाही. आणि हे वर गेलं तर खापर तिच्यावर नाही, शिक्का मारणाऱ्यावर फुटेल.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तुझ्याच गळ्यात येणार आहे हे."

"शिक्का माझाच आहे, साहेब."

"पण तुझ्याकडून सुटलं कसं? मी परवाना क्रमांक विसरलो तर गाडीपर्यंत पळत येणारा माणूस तू."

काकांनी भिंग टेबलावर ठेवलं. "मला दिसलं नाही," ते म्हणाले. "चार महिने झाले, नीट दिसत नाही मला. ते पान मी न बघताच उलटलं."

कॅप्टनांनी भिंग उचलून पाहिलं, परत ठेवलं, आणि मग दुपारच्या गाडीचं तिकीट रद्द करायला फोन लावला.

त्यानंतर जे झालं ते नियमाप्रमाणे झालं. लॉगबुक ज्याचं, त्यानेच त्यातली चूक खोडायची असते. काकांनी मुलीपुढे फुटपट्टी सरकवली. नवव्या पानावर तिने रेघ मारली. मग 'उत्तीर्ण' या शब्दावर पट्टी धरली आणि तिला रडू कोसळलं. काकांनी तिला पाणी दिलं. आपल्यामुळेच ही वेळ आली हे त्यांना आतून कुरतडत होतं. तिने डोळे पुसले आणि रेघ मारली. रेघ सरळ आली.

हवा चांगली होती. कमी पडलेला वेळ भरायला दुपारी ती एकटीच विमान घेऊन लांबच्या उड्डाणाला गेली आणि सव्वा तासाने परत उतरली.

आता पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून तपासायचं होतं. काकांनी भिंगाकडे हात नेला, तेवढ्यात कॅप्टनांनी चष्मा लावला आणि पुस्तक स्वतःकडे घेतलं.

"मी वाचतो, तू बेरीज कर. आणि ते ठिपके कुठे द्यायचे ते सांग."

"तुम्हाला ठिपके माहीत आहेत?"

"एकतीस वर्षं तुझ्यासमोर उभा राहून सह्या करतोय. मी काय आंधळा आहे का?" बोलून गेल्यावर कॅप्टनांनी जीभ चावली. काका मात्र मनापासून हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच.

एकेक ओळ वाचत, पट्टी सरकवत, कॅप्टनांनी सगळी पानं पुरी केली. आयुष्यात त्यांनी एवढी कागदपत्रं कधी वाचली नव्हती. काका डोळे मिटून बेरीज करत होते. एकदाही अडखळले नाहीत. शेवटी म्हणाले, "एकटीने केलेली लांबची उड्डाणं, अकरा तास, शून्य मिनिटं." कॅप्टनांनी पान पाहिलं. तेवढेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा पुन्हा झाली. मुलगी पास झाली. या वेळी ती हसत नव्हती, पण शेऱ्याचा रकाना तिने स्वतः काकांपुढे धरला आणि म्हणाली, "नीट बघून घ्या हं, काका. नाहीतर मला बोलवा, मी वाचून दाखवते." कॅप्टनांनी सही केली आणि परवाना क्रमांकही न सांगता लिहिला.

सगळे गेल्यावर काकांनी अहवाल लिहिला. परीक्षा रद्द होण्याचं कारण, नोंद तपासनिसाची चूक. चुकीचं कारण, दृष्टिदोष. मग घरी फोन करून बायकोला सांगितलं की आज दुपारी येतोय, जेवायला थांब.

भिंतीवर कामाच्या वाटपाचा तक्ता होता. 'लॉगबुक तपासणी' या ओळीपुढे त्यांचं नाव होतं, त्यांनीच कधीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. ते उठले, फुटपट्टी नावावर आडवी धरली आणि तिच्या कडेने एकच सरळ रेघ मारली. शेजारी तारीख घातली, छोटी सही केली. मग चार पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते पुन्हा जवळ गेले, तक्त्याला जवळजवळ नाक लावलं आणि खात्री करून घेतली की रेघेखालचं नाव वाचता येतंय.