न मिटलेला चिमटा

डब्यात कुणीच बोलत नव्हते. रुळांच्या सांध्यांवर चाके तेवढी आपला ठेका धरून होती. खिडकीशी बसलेल्या एका वयस्क गृहस्थांपुढे एक तरुण तिकीट तपासनीस हात पुढे करून उभी होती, आणि त्यांची बोटे कोटाच्या उजव्या खिशात तिकीट शोधत होती. आधी घाईने, मग सावकाश, मग नुसतीच. मित्रांनो, त्या खिशात तिकीट नव्हते. त्या खिशात मी होतो.

मी एक जुना चिमटा आहे; रेल्वेच्या तिकिटांना भोक पाडणारा. माझा जन्म झाला तो कारखाना इतका गोंगाटाचा होता की तिथली माणसे हाताच्या खुणांनी बोलत. एका कारागिराने माझ्या जबड्यात पोलादाचा एवढासा दात बसवला आणि त्याच्यावर कितीतरी वेळ कानस फिरवली. प्रत्येक चिमट्याचा दात निराळा असतो. कुणी चांदणी पाडतो, कुणी चौकोन. माझ्या वाट्याला कुलपाच्या भोकाचा आकार आला. वर वाटोळा, खाली फाकत गेलेला. हा काही शोभेचा खेळ नव्हे. तिकीट कुणी पाहिले हे भोकावरून ओळखतात. भोक ही तपासनिसाची सही असते, आणि ती खोडता येत नाही, कारण तिथे खोडायला कागदच उरलेला नसतो.

खिडकीशी बसलेले गृहस्थ माझे तपासनीस. एकतीस वर्षे मी त्यांच्या उजव्या मुठीत राहिलो. तिथली ऊब मला माझ्या स्वतःच्या धातूपेक्षा जास्त ओळखीची आहे. डब्यात शिरले की ते मला दोनदा रिकामाच वाजवत. ट्टक, ट्टक. तेवढ्याने पेंगणारी माणसे सरळ बसत आणि लहान मुले पुढे सरकत. मुलांना माझे भोक आवडायचे. ती तिकीट डोळ्याला लावून त्या एवढ्याशा कुलपातून पळणारी झाडे बघत. ज्याच्या मागे दार नाही असे कुलूप मी जगाला वाटत फिरलो, आणि तरीही प्रत्येकाला त्यातून काहीतरी उघडल्यासारखे वाटले.

माझ्या तपासनिसांचा एक शिरस्ता होता. आधी हात बघायचा, चेहरा नंतर. चेहरा आधी बघितला की त्यात कुणीतरी ओळखीचे सापडतेच, असे ते म्हणत. एकदा पुढे आलेला एक हात रिकामा होता. त्यांनी पावतीपुस्तक काढले, दंड लिहिला, आणि मगच मान वर केली. समोर त्यांचा सख्खा मेहुणा ओशाळून हसत होता. पावती फाडली गेली. संध्याकाळी घरी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, ताट मांडले नाही.

"माझ्या भावाला पकडलंत ना? मग आता जेवायलाही तिकीट काढून बसा."

ते हसले आणि स्वतःच ताट घेऊन बसले. काकूंचा राग उतरायला चार दिवस लागले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. एकतीस वर्षांत मला शिव्या पडल्या, शाप पडले, एकाने तर मला हिसकावून खिडकीबाहेर भिरकावले आणि साखळी ओढून गाडी थांबवावी लागली. तरी मी पाडलेल्या एकाही भोकाबद्दल मी माफी मागणार नाही. माझ्यापुढे शेठ आणि हमाल यांचा कागद सारख्याच आवाजात फाटला.

मग ते निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत मला मखमलीवर ठेवून त्यांना भेट दिले. टाळ्या वाजल्या. कुणीतरी मला 'प्रामाणिकपणाचे प्रतीक' म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे प्रतीक स्वयंपाकघरातल्या मोरीवरच्या खिळ्याला लटकले. काकू माझ्या जबड्यात धरून गरम पातेली उतरवत, अक्रोड फोडत. वाफ माझ्या सांध्यात शिरत राहिली. पाच महिन्यांत कुणी मला तेलाचा थेंब दाखवला नाही. रात्रंदिवस त्या खिळ्यावर मी जबडा अर्धवट उघडा ठेवून राहिलो. अर्धवट राहिलेल्या वाक्यासारखा.

त्या सकाळी ते धाकट्या भावाकडे निघाले. निवृत्तीनंतरचा हा पहिलाच रेल्वेप्रवास. कोट घातला, चष्मा घेतला, आणि हात आपोआप खिळ्याकडे गेला. मला खिशात घालून ते स्टेशनवर पोचले, कर्मचाऱ्यांच्या बाजूच्या फाटकातून आत शिरले, फाटकावरच्या माणसाचा नमस्कार घेतला आणि तिसऱ्या डब्यात जाऊन बसले. तिकीट काढायचे असते हे त्यांच्या मनातही आले नाही. हसू नका, मित्रांनो. तिकीटखिडकी त्यांनी एकतीस वर्षे आतल्या बाजूने पाहिली होती. तिकीटबाबूच्या शेजारी उभे राहून, चहाचा पेला हातात धरून. तिच्यापुढे बाहेरून उभे राहावे लागते हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. तिकीट मागणे त्यांना येत होते. काढणे येत नव्हते.

म्हणून ती शांतता.

तरुण तपासनीस रिकाम्या हाताकडे बघत होती. सवयीने तिने पावतीपुस्तक उघडले, लेखणीचे टोपण काढले आणि मान वर केली.

"काका?"

ती त्यांचीच शिष्या होती. आधी हात, मग चेहरा, हे तिने त्यांच्याकडूनच उचलले होते.

"अगं, तिकीट... नाहीये माझ्याकडे." त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता असा होता. "काढायचं राहिलं. म्हणजे, सुचलंच नाही."

"असू दे, काका. बसा तुम्ही."

समोरच्या बाकावर एक अंडीवाली मांडीवर टोपली घेऊन बसली होती. गाडी सुटता सुटता ती तिकीट न काढताच धावत चढली होती, आणि दहाच मिनिटांपूर्वी दाराशीच या मुलीने तिच्या हातात दंडाची पावती ठेवली होती. ती पावती तिने टोपलीच्या काठात खोचलेली होती.

"वा गं बाई," ती म्हणाली. "आम्ही आलो तर पावती, आणि काका आले की बसा?"

मुलीचे कान लाल झाले. तिला नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. सगळा डबा तिच्याकडे बघत होता. आज इथे जे घडेल ते उद्या प्रत्येक डब्यात तिच्याआधी पोचणार होते, हे तिला कळत होते आणि तिच्या गुरूलाही. ती एकदम वाकली. बाकाखाली कुणाचे तरी पडलेले तिकीट होते. आजचेच, याच गाडीचे, भोक न पाडलेले.

"हे बघा काका, तुमचं तिकीट खाली पडलं होतं."

"ताई," अंडीवाली पुढे झुकली, "माझ्याही पायाखाली बघा की जरा. मिळेल एखादं."

दोघेतिघे हसले. मुलीच्या कमरेला तिचा स्वतःचा चिमटा होता, पण त्याच्याकडे तिचा हात जाईना. ती तिकीट पुढे धरून तशीच उभी राहिली. आता त्यावर एक भोक हवे होते. भोक नसलेले तिकीट उतरताना फाटकावर अडवतात. आणि माझे भोक दिसले असते तर तिथल्या माणसाने पुढचा प्रश्न विचारला नसता, इतकी माझ्या सहीची पत होती.

माझ्या तपासनिसांनी तिच्याकडे पाहिले. तिचा चिमटा या पापात पडू नये असे त्यांना वाटले असावे.

"राहू दे पोरी. माझाच लावतो."

त्यांनी मला बाहेर काढले. तिकीट माझ्या जबड्यात सरकवले. ती ओळखीची ऊब माझ्याभोवती आवळली.

मी मिटलो नाही.

त्यांनी पुन्हा दाबले. बोटांची पेरे पांढरी पडली. मी मिटलो नाही. दोन्ही हातांनी दाबले, तेव्हा माझ्यातून एक करकर निघाली, आणि ती सगळ्या डब्याने ऐकली. कुणी म्हणेल, गंज होता. म्हणू द्या. मोरीवरच्या वाफेने स्प्रिंग खाल्ली, असेही म्हणू द्या. पण मी माझ्या दातावर हात ठेवून सांगतो, मला हात असता तर: आयुष्यभर ज्यांचे ऐकले, त्यांचे त्या क्षणी मी ऐकले नाही. त्यांच्यासाठीच ऐकले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात आमच्यासारखी जुनी अवजारे असतील. त्यांना पुसा, कोरडे ठेवा, कधीमधी तेल द्या. मखमल नको. आणि आमच्या हातून आयुष्यात जे कधी झाले नाही, ते शेवटच्या दिवशी करून घेऊ नका. सांधे धरलेल्या लोखंडालाही काही गोष्टी नकोशा असतात.

त्यांनी मला मांडीवर ठेवले. तिकिटावर माझ्या दाताची नुसती पुसट खूण उमटली होती. त्यांनी त्या खुणेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी तिकीट बाकावर ठेवले आणि ताठ बसले. डब्यात शिरताना एकेकाळी चालत, तसे.

"पावती फाड."

"काका, नका ना असं करू. तुमच्या नावाची पावती मी कशी लिहू?"

"यांची लिहिलीस तशी." त्यांनी अंडीवालीकडे मान वळवली. "बाई, तुम्ही बोललात ते बरोबर आहे."

अंडीवालीने टोपली जरा बाजूला सरकवली, त्यांना पाय लांब करता यावेत म्हणून.

मुलीने नाव लिहिले. शेवटच्या अक्षरावर लेखणी अडखळली आणि कागदावर शाईचा ठिपका पडला. त्यांनी पैसे दिले, पावती घेतली, ती नीट वाचली, घडी केली आणि माझ्या उघड्या जबड्यात खोचली.

"एक विचारू?" ते हळू आवाजात म्हणाले. "हा मिटला असता, तर तू ते तिकीट चालवून घेतलं असतंस?"

तिने लेखणीला टोपण लावले. पावतीपुस्तक काखेत धरले. एकदा माझ्याकडे पाहिले, त्यांच्याकडे नाही, आणि दाराच्या कडीला हात घालून ती पुढच्या डब्यात निघून गेली.