लेन्समंधलं जाळं

सुगतचं डोकं लवकर तापे, पण डोळा एक नंबर होता. बारावीत एका सरानं भर वर्गात टोमणा मारला, "तू काय शिकतं, तू फोटोच काढ." यानं बॅग उचलली ते परत कॉलेजचं तोंडच नाई पायलं. तेव्हापासून अमरावतीत एका फ्लेक्सच्या दुकानात कंपुटरवर बसे. वाढदिवसाचे बॅनर, निवडणुकीचे बॅनर, श्रद्धांजलीचे बॅनर. दुकान उघडायच्या आधी जुना कॅमेरा गळ्यात टाकून भाजीबाजारात फिरे. पक्षी, फुलं असलं काई नाई. फक्त चेहरे.

देवमन काका त्याले दुकानातच भेटले. रिटायर पोस्टमन. माणूस एवढा सरळ का दुकानात येतानाई चपला बाहेर काढे. त्यायची माय वारली तवा घरात तिचा एकटीचा एकई फोटो निंगला नाई. मंग कोणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिले कापून काढलं. भितीवर आजई तसाच हाये, माय अन् तिच्या बाजूले कोण्या पाहुण्याचा अर्धा खांदा. त्या खांद्यानं काकाले लय छळलं. मंग पोरानं पुण्याहून आपला वापरलेला कॅमेरा धाडला, अन् काकानं ठरवलं का आपल्या गावातल्या सत्तरीच्या वरच्या सगळ्यायचा एक-एक फोटो काढाचा, जित्तेपणी. यादी केली. तेवीस नावं.

"पण घरात अंधार रायते रे," काका म्हणे. "टिनाचं घर, एक खिडकी. फ्लॅश मारला तर म्हातारे डोये मिटते. कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हाये. अन् फोटो येते असा, भुतावाणी."

"तुमची कॅमेऱ्यासंग आलेली कंपनीची लेन्स हाये ना काका, थे उजेड कमी घेते," सुगतनं सांगतलं. "तुमाले मोठ्या तोंडाची लेन्स पायजे. अकोल्याले चंद्रभानभाऊ जुन्या लेन्स इकते. चाला, दाखवतो."

हे तो शायनिंगमंधी बोलून गेला. त्याले दाखवाचं होतं का मले समजते. चंद्रभानच्या काचेच्या कपाटात एक पंच्याऐंशी एमेमची, मोठ्या तोंडाची लेन्स पडली हाये, हे बोलताना त्याच्या ध्यानातच नाई आलं. म्हैनाभर आधी त्यानं थे आपल्या कॅमेऱ्याले लावून पायली होती. समोर रस्त्यावर एक रिक्षावाला उभा होता, त्याचा एक फोटो काढला. मांगचं सगळं इरघळून गेलं, अन् रिक्षावाल्याच्या मिशीचा एक-एक केस मोजून घ्या. त्या दिवसापासून सुगत त्या लेन्सवर मरत होता. पैशे जमवून राहिला होता. चंद्रभानले सांगतलं नव्हतं, कारण सांगतलं का भाव वाढते.

रविवारी दोघं अकोल्याले गेले. चंद्रभाननं पाच-सहा लेन्स काढून रुमालावर मांडल्या, अन् फोन आला म्हणून बाहेर जाऊन बसला. काकाचा हात सरळ पंच्याऐंशीवरच गेला. त्यानं थे कॅमेऱ्याले लावली, अन् काउंटरपाशी अंधारात उभ्या असलेल्या सुगतचाच एक फोटो काढला. मंग स्क्रीन पाहून काका लहान पोरावाणी हासले.

"अबे, हे तर तूच हायेस बे! हेच पायजे मले. झालं आपलं काम."

सुगतले असं वाटलं, जशी आपल्या ताटातली भाकर कोणी उचलली.

"थांबा काका," तो म्हणाला. "आधी तपासा लागते."

तपासाची रीत सोपी असते. लेन्स डोयापुढं धराची, मांगून मोबाइलचा टॉर्च माराचा. लेन्समंधी ओल शिरली असली तर आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यावाणी बारीक पांढरे धागे दिसते. याले फंगस म्हणते. सुगतनं टॉर्च मारला. लेन्स आरशावाणी साफ होती. जांभळी-हिरवी झाक, बस.

"हे पाहा, जाळं," तो म्हणाला.

काकानं चष्मा काढला, शर्टाले पुसला, परत लावला. वाकून पायलं. लय वेळ पायलं.

"हो रे," काका म्हणाले. "दिसते."

"दोन पावसाळ्यात पांढरी फक होईन."

"बापा." काकानं लेन्स हळूच रुमालावर ठेवली, जशी आजारी माणसाले निजवते. मंग सुगतच्या कानाशी येऊन म्हणे, "त्याले नको सांगू हं. बिचाऱ्याले वाटन आपण त्याले चोर म्हणून राहिलो."

चंद्रभान आत आला. "घेता का मंग पंच्याऐंशी?"

"नाई भाऊ," काका म्हणाले, "माह्या हातात बसत नाई."

मंग सुगतनंच सत्तर-तीनशेची लांब झूम उचलून देली. "हे घ्या काका. दुरून फोटो येते, म्हातारे बुजत नाई." बोलणं पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट त्यानं गिळली, का थे झूम अंधारात आंधळी असते. उजेड घेतच नाई. बाहेर मैदानात कबड्डीचे फोटो काढाले बेस्ट. टिनाच्या घरात काई कामाची नाई.

येताना गाडीत काकानं डबा उघडला. ललिता काकूनं दोघायसाठी बांधून देलं होतं, भाकर अन् ठेचा. "खाय ना बे," काका म्हणे. "तू नसता तर मी आज फसलोच असतो." सुगतनं भाकर खाल्ली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, पण त्यानं काकाकडं तोंड नाई वळवलं.

पंधरा दिवसांनी तो एकटा अकोल्याले गेला अन् पंच्याऐंशी घेऊन आला.

लेन्स होतीच तशी. भाजीबाजारातल्या बाया, हमाल, पानवाला, सगळ्यायचे चेहरे बोलाले लागले. मोबाइलवर लोक वा वा करत. पण काकाचा आवाज दुकानाच्या पायरीवर आला का सुगतचे हात आपोआप चालत. कॅमेरा काखेत, लेन्स खट्टकन काढून ड्रॉवरमंधी. वरून बिलबुक.

काका दर आठ दिवसाले पेन ड्राइव्ह घेऊन येत. सुगत एक-एक फोटो उघडे. सगळे हाललेले. नाकाचे दोन नाकं. त्याले पायल्याबरोबर समजे का हे काहून झालं. काका मात्र म्हणत, "माहा हातच थरथरते रे. वय झालं." मंग त्यायनं उपाय काढला. रोज सकाळी पाण्यानं भरलेला तांब्या हात लांब करून धरून ठेवाचा, हात स्थिर व्हावा म्हणून. ललिता काकू मोजे. "काल दोनशेपर्यंत धरला," काका सांगत, अन् दंड चोळत.

"काका, डोकं नका खाऊ ना राजे!" एक दिवस सुगत खेकसला. "काम पडलं हाये मले. तांब्या धरून कोणाचे फोटो येते का?"

"बरोबर हाये तुहं," काका म्हणाले, अन् चपला घालून गेले. त्या दिवशी सुगतनं तीन बॅनरवर नावं चुकवली अन् मालकाच्या शिव्या खाल्ल्या. त्याले बरं वाटलं शिव्या खाऊन.

मंग एक दिवस दुपारी काका आले तवा संग एक बाई होती. पांढरं लुगडं, डोये सुजलेले.

"हे इंदूबाई," काका म्हणाले. "आपल्या यादीतल्या जयवंता आजीची पोरगी. आजी गेली परवाच्या दिवशी. शुक्रवारी तिच्या श्रद्धांजलीचं पुण्यानुमोदन हाये. फोटो मोठा करून पायजे, फ्रेममंधी बसवासाठी."

सुगतनं पेन ड्राइव्ह लावला. जयवंता आजीचे अकरा फोटो होते. आजी खाटेवरून उठत नव्हती, म्हणून सगळे घरातच काढलेले. अकराच्या अकरा हाललेले. एका फोटोत आजी हासून राहिली होती, तोंडात चार दात, अन् 'चाल हट' म्हणून कॅमेऱ्याले हातानं हाकलून राहिली होती. काय फोटो होता तो! पण चेहरा पाण्यात मिसळल्यावाणी. डोये कोठी, गाल कोठी, काई पत्ता नाई.

"हाच," इंदूबाई म्हणाली. "माय अशीच करे. हाच कर बाप्पा."

"बाई, हा जरा हालला हाये."

"मंग नीट कर ना. तुमच्या कंपुटरमंधी होते म्हणे सगळं."

सुगतनं करून पायलं. जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं. शेवटी एका अ‍ॅपमंधी फोटो टाकला, थे चेहरा आपल्या मनानंच बनवून देते. स्क्रीनवर एक म्हातारी आली. गुळगुळीत गाल, सरळ नाक, अन् बत्तीसच्या बत्तीस दात.

इंदूबाईनं पायलं. मंग काकाकडं पायलं.

"हे कोण होये?" ती म्हणाली. "हे माही माय नोय."

काका उठून उभे झाले अन् त्यायनं त्या बाईपुढं हात जोडले.

"बाई, चूक माही हाये. माहा हात थरथरते. मले जमत नव्हतं त मी हे काम हातातच घ्याले नाई पायजे होतं."

"नाई भाऊ, तुमी काहून..." इंदूबाई रडाले लागली. काकाचे हात तसेच जोडलेले. तांब्या धरू-धरू मनगटं सुजली होती त्यायची. सुगतनं थे मनगटं पायले, अन् त्याचं डोकं तापलं, पण या वेळेस तापाले दुसरं कोणी समोर नव्हतं.

"काका, खाली करा हात!" तो ओरडला. "खाली करा म्हणतो ना! तुमचा हात काई थरथरत नाई."

"अरे, पण फोटो..."

"थे झूमच तशी हाये. अंधारात कोणीई काढला तरी हालनच. मले ठाऊक होतं. मी मुद्दाम तुमच्या गळ्यात घातली." एकदा तोंड उघडलं तर थांबतच नव्हतं. "त्या पंच्याऐंशीमंधी काई नव्हतं काका. जाळंबिळं काईच नाई. मले पायजे होती थे. मी खोटं बोललो."

काका त्याच्याकडं पाहातच राहिले. "पण मी पायलं ना," ते हळूच म्हणाले. "मले दिसलं होतं."

"काईच नव्हतं काका."

"मंग मी काय पायलं?"

सुगतनं ड्रॉवर उघडलं, बिलबुक बाजूले केलं, अन् लेन्स काढून काउंटरवर ठेवली. काकानं तिच्याकडं पायलं. हात नाई लावला.

"तू 'हाये' म्हटलं, म्हणून मले दिसलं," काका म्हणाले. आवाज चढला नाई, उलट पडला. "एवढा इश्वास होता माहा तुह्यावर. आपल्या डोयापेक्षा जास्त."

शिवी देली असती तर बरं झालं असतं. दोन कानाखाली ओढल्या असत्या तरी चाललं असतं.

इंदूबाईले लेन्स-बिन्स काई समजलं नव्हतं. तिनं पदरानं डोये पुसले. "म्हणजे मायचा फोटो नाई का मंग?" तिनं दोघायलेई इचारलं. तिनं पिशवीत हात घातला, पुरचुंडीतून एक आधार कार्ड काढलं अन् सुगतपुढं सरकवलं. "हेच मोठं कर आता. दुसरं नाई काई."

"बाई, हा लय बारीक..."

"माय म्हणे मी याच्यात चोरावाणी दिसतो. तिच्या बोटाचे ठसे येत नव्हते तवा. तो आधारवाला पोरगा तिच्यावर खेकसला, अन् तशीच घाबरलेली असताना फोटो काढला. पण हाये तर तीच." तिनं नाक पुसलं. "कर बाप्पा. दोन वाजताची गाडी हाये माही."

सुगतनं कार्ड स्कॅन केलं. नखाएवढा चेहरा ताटाएवढा करा लागत होता. मोठा करू-करू त्याच्या हाताखाली त्या म्हातारीचे डोये फाकत गेले. मघाच्या फोटोत हासणारी हीच बाई होती, अन् इथं ती कोण्या पोराले घाबरून बसली होती. त्यानं डाग काढले, कडा साफ केल्या, मांगं निळा रंग देला. भीती तेवढी निंगत नव्हती. कोणत्याच बटनानं निंगत नव्हती. शेवटी मशिनीतून कागद बाहेर आला, तवा त्याच्याच्यानं तो पाहवला नाई. पण पाहा लागला, फ्रेममंधी सरळ बसला का नाई ते तपासाले.

इंदूबाईनं फ्रेम पदराखाली घेतली. काकानं तिची पिशवी उचलली. पायरीवर जाऊन चपला घातल्या अन् पाठमोरंच बोलले.

"यादीत अजून बावीस नावं हायेत. थे लेन्स घेऊन रविवारी गावाले जाजो. पुंजाजीपासून सुरू कर, त्याचं काई खरं नाई आता."

"तुमी येसान ना काका?"

"नाई."

"मी सगळे नीट काढतो. तुमी फक्त संग..."

"मी आलो तर मले तुह्याकडं पाहा लागन सुगत," काका म्हणाले. "अन् थे आज होत नाई माह्याच्यानं. रविवारीई होईन का नाई, सांगता येत नाई."

अन् ते उतरून गेले. सुगत काउंटरच्या बाहेर आला, पायरीपर्यंत. "पुंजाजीचं घर कोणतं?" त्यानं ओरडून इचारलं.

काका थांबले नाई. इंदूबाईनं मात्र वळून पायलं.

"कोणालेई इचारजो," ती म्हणाली. "पण लवकर जाजो."