लंगडण्याची तालीम

नैरोबीला प्रशिक्षण घेऊन आल्यापासून सिमियू सरांना शिंगं फुटली होती. केनियातल्या बुंगोमाजवळच्या त्या शाळेत आता पाठांतर बंद, डिझाइन सुरू. पोरांनी गट करून आधी अडचणीतला माणूस शोधायचा, त्याला न्याहाळायचं, सुचतील ते उपाय रंगीत कागदांवर लिहून भिंतीवर चिकटवायचे आणि त्यातला एक बनवून बघायचा. शिकवणं चांगलंच होतं, शिकवणारा नतद्रष्ट होता.

अडचणीतला माणूस शोधायला सरांना लांब जावं लागलं नाही. सातवीतच नेलिमा होती. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड.

"सर, मी पण गटात येऊ?" तिनं विचारलं.

"तू गटात कशी? तू तर अडचण!" सर म्हणाले आणि वर्ग खो खो हसला.

मग गटातल्या मुली तिच्या मागेच लागल्या. ती पाण्याला निघाली की मागे, शौचालयाला निघाली की मागे. शेवटी त्यांनी जुन्या टायरचं रबर कापून उंच टाचेची चप्पल बनवली. नेलिमाला बघताक्षणी कळलं, नुसती टाच उचलली तर पाय पुढे घसरणार. अख्खा तळ उंच हवा, आणि तो हलक्या लाकडाचा. तिनं तसं पिवळ्या कागदावर लिहून भिंतीवर लावलं. सरांनी तो कागद उपटला.

"ज्याची अडचण त्यानं अडचणच सांगायची. उपाय गट शोधणार. नैरोबीत असंच शिकवलंय."

असं नैरोबीत कुणी शिकवलं नसणार, पण सरांना विचारणार कोण? नेलिमा तर नाहीच. गट डिझाइनच्या स्पर्धेसाठी नैरोबीला जाणार होता आणि तिला काहीही करून जायचं होतं. चप्पल घालून दाखवायला तरी आपल्यालाच नेतील, एवढ्यावर तिची सारी भिस्त होती.

तालमीला सगळी शाळा मैदानात जमली. नेलिमा चप्पल घालून निघाली, पाय घसरला आणि ती तोंडावर आपटली.

"मुद्दाम पडलीस!"

"नाही सर, टाच..."

"गप्प! नासांबू, तू ये."

नासांबू गटातली, शर्यतीत पहिली येणारी पोरगी.

"आधी अनवाणी लंगडायचं, मग चपला घालून ताठ चालायचं. तुझे पाय सारखे, म्हणून दुसऱ्या चपलेलाही तशीच टाच ठोकू. लांब झग्याखाली कुणाला दिसतंय!"

पण नासांबूला लंगडता येईना. ती पाय बांधलेल्या कोंबडीसारखी उड्या मारायला लागली. पोरं हसून लोळली. सर नेलिमाकडे वळले.

"बघत काय बसलीस? शिकव तिला."

नेलिमा गुडघ्याची माती झटकत उठली. "शिकवते. मग मी येऊ ना सर, नैरोबीला?"

"बघू."

त्या 'बघू'वर ती शिकवू लागली. "पाय ओढू नकोस गं, उचल. आधी कंबर टाक, मग खांदा. हां, अशी." नासांबू चालली. बरं जमलं. पण नेलिमाचं समाधान होईना. ती अगदी मन लावून शिकवत होती.

"पाय जमला. आता तोंड. सगळे आपल्याकडेच बघतायत आणि आपल्याला ते कळतच नाहीये, असं तोंड कर."

नासांबूनं तसं तोंड केलं आणि मैदानभर चालत गेली. या वेळी कुणीच हसलं नाही.

"शाब्बास नासांबू!" सरांनी टाळ्या वाजवल्या.

"सर, नैरोबी?" नेलिमानं विचारलं.

"ती शिकली ना?" सर म्हणाले. "मग आता तुझं काय काम?"