रोवेना थॉर्लीचा बाप्तिस्मा

“तो हो म्हणणार नाही,” रोवेना थॉर्ली म्हणाली आणि बटाट्याची साल तिने जरा जास्तच जाड काढली. “आणि मी त्याला विचारणारही नाही. तुम्हीच विचारा.”

दोघे एल्डर, मॉर्मन चर्चचे तरुण प्रचारक, तिच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. पांढरे शर्ट, गडद कोट, खिशावर नावाची काळी पट्टी. त्यांतल्या स्टकीचे मिशन, दोन वर्षांची प्रचारफेरी, संपत आले होते. वसंत आला की तो बेअर लेकला, वडिलांच्या गोठ्यावर परतणार होता. कोफोड ऑग्डनहून नुकताच आलेला, एकोणीस वर्षांचा, आणि रस्त्यात भेटेल त्या कुत्र्यालाही उपदेश करील असा.

“मिसेस थॉर्ली, नियमच आहे तसा,” कोफोड म्हणाला. “लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही.”

“नियम मला त्यानेच सांगितला. तुमच्या आधी. तीस वर्षांपूर्वी तोही तुमच्यासारखाच डेन्मार्कात दारं ठोठावत फिरायचा, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होते. गावात चर्चची मंडळी मोजकीच, आणि चर्च सोडून गेलेल्या तिच्या नवऱ्याचे, रीड थॉर्लीचे, नाव निघाले की त्यातले म्हातारे गप्प व्हायचे. मोंटानातल्या त्या गावच्या साखर कारखान्यात तो बॉयलरवर होता. बिटाचा हंगाम संपत आलेला, त्यामुळे दुहेरी पाळ्या चालू होत्या. घरी आला की एल्डरांचे बूट दारात दिसताच तो मागच्या दाराने गोठ्यात जायचा. चर्चला वर्ज्य म्हणून रोवेनाने कॉफी सोडली तेव्हापासून त्याची कॉफीही तिकडेच गेली होती.

“गुरुवारी तो दुपारी घरी असेल,” रोवेना म्हणाली. “या. मी ॲपल पाय भाजते.”

बाप्तिस्मा शनिवारी होता.

मंगळवारी मिशन प्रेसिडेंटांच्या कचेरीतून फोन आला. साऱ्या हिवाळ्यात त्या भागातला हा पहिला बाप्तिस्मा. पक्का ना? स्टकी म्हणाला, पक्का. बुधवारी दिवसभर ते दारे ठोठावत हिंडले. वारा असा की ओठ फुटून बोलताना रक्त यायचे. एका बाईने दार न उघडता काचेतूनच हात हलवला. एका माणसाने कुत्रा सोडला नाही, पण साखळी सैल केली.

“तू काहीतरी काळजीत आहेस,” कोफोड म्हणाला.

“थॉर्लीला काय सांगायचं त्याचा विचार करतोय.”

“साक्ष द्यायची. आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगायचं. त्यापुढे कोण टिकणार?”

स्टकीने मफलर ओठांवर ओढला. साक्ष त्याने पहिल्यांदा दिली तेव्हा त्याचे डोके व्यासपीठाच्या वरही येत नव्हते. आईने उचलून धरले होते आणि कानात एकेक शब्द सांगितला होता: मला ठाऊक आहे, हे चर्च खरं आहे. मला ठाऊक आहे, देव माझं ऐकतो. सगळी मुले असेच म्हणायची. पुढे कानात कुणी सांगावे लागले नाही. शब्द तेच राहिले. मिशनवर आल्यापासून रोज कुणाच्या ना कुणाच्या बैठकीत तो ते बोलत होता, आणि अलीकडे बोलताना त्याला आईचा उबदार श्वास तेवढा कानापाशी जाणवायचा. दुसरे काही नाही.

गुरुवारी रीड थॉर्ली खरोखरच बैठकीत बसलेला होता. रुंद खांद्यांचा माणूस, मनगटांवर वाफेने भाजल्याचे जुने डाग. समोर कॉफीचा कप.

“बसा, एल्डर साहेब. आज थंडी फार आहे, म्हणून आतच पितोय. चालेल ना?”

“घर तुमचंच आहे,” स्टकी म्हणाला.

“हं. अजून तरी.”

कोफोडने सुरुवात केली. पाठ केलेले सगळे त्याने नीट सांगितले: आज्ञा, करार, कुटुंब अनंतकाळ एकत्र राहते ते. रीडने अडवले नाही. एका ठिकाणी कोफोड अडखळला तेव्हा पुढचे वाक्य रीडनेच पुरवले.

“छान बोलतोस,” तो म्हणाला. “मी डॅनिश भाषेत बोलायचो. तिथे ते अजून छान वाटायचं.” मग तो स्टकीकडे वळला. “तू का गप्प?”

“ऐकतोय.”

“मग हेही ऐक. आमची लिनेट. रक्ताचा आजार झाला तिला. दवाखान्यात मी तिच्या डोक्यावर हात ठेवले, अधिकाराने, जसे तुम्ही ठेवता, आणि म्हणालो, तू बरी होशील. होशील वाटतं असं नव्हतो म्हणालो. मला ठाऊक आहे म्हणालो. तिने विश्वास ठेवला. आईला म्हणाली, माझा लाल कोट काढून ठेव, घरी जाताना लागेल.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

“आता तुम्ही रोवेनाला सांगता, पाण्यात उतर, चर्चच्या मंदिरात जा, पोरगी परत भेटेल. आडवा येणारा मी कोण? तिला हवं तर जाऊ दे. फक्त एकाचं उत्तर दे, पोरा. ती भेटेल, हे तुला ठाऊक आहे का?”

“आम्हाला ठाऊक आहे,” कोफोड लगेच म्हणाला.

“तुला नाही विचारलं.”

स्टकीने तोंड उघडले. शब्द तयार होते, नेहमीच असायचे. समोरच्या माणसाचे डोळे त्याच्यावरून हलत नव्हते. त्या नजरेत चेष्टा असती तर सोपे गेले असते.

“नाही,” स्टकी म्हणाला. “मला ठाऊक नाही. असावं असं वाटतं. फार वाटतं. पण ठाऊक नाही.”

 मग स्टकीला दारात उभी रोवेना दिसली. हातात भाजलेला ॲपल पाय होता. तिने तो टेबलावर ठेवला, सुरी शेजारी ठेवली आणि आत निघून गेली.

रीडला जिंकल्यासारखे वाटले असेल तर ते चेहऱ्यावर दिसले नाही. तो म्हातारा दिसला. “जा आता,” तो हळूच म्हणाला. “माझी संमती आहे. मला कधीच हरकत नव्हती. तिचं तिला ठरवू दे.”

बाहेर गाडीत कोफोडने चावी लावली, पण इंजिन सुरू केले नाही.

“दोन वर्षं तू काय खोटं बोलत होतास?”

“ठाऊक नाही.”

“हे शब्द परत माझ्यासमोर बोलू नकोस.”

शुक्रवारी कोफोड त्याच्याशी एकही शब्द बोलला नाही. जोडीदाराला नजरेआड करायचे नाही हा नियम, म्हणून दोघे एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसले. दुपारी त्यांनी थॉर्लींचे दार ठोठावले. चिमणीतून धूर निघत होता, दार उघडले नाही. संध्याकाळी कोफोडने स्टकीच्या समोरच प्रेसिडेंटांना फोन लावला आणि सगळे सांगितले. फोन ठेवून तो भिंतीकडे बघत म्हणाला, “सोमवारच्या बसने तुला बोलावलंय. मला सांगणं भाग होतं.”

“हो. बरोबर केलंस.”

“घरी पाठवतील तुला.” कोफोड आता त्याच्याकडे वळला. “तुझ्या बापाला काय तोंड दाखवशील?”

बेअर लेकला मुदतीआधी परतलेल्या मुलाकडे चर्चमध्ये लोक कसे बघत नाहीत, ते स्टकीला ठाऊक होते. एवढे मात्र नक्की ठाऊक होते.

शनिवारी सकाळी त्यांनी तरीही चॅपलमधला बाप्तिस्म्याचा हौद भरायला घेतला. तिथला बॉयलर जुना. कोमट पाणी कमरेएवढे यायला अर्धा दिवस गेला. शाखेचे प्रमुख ब्रदर टॅनर आले. आणखी दोन कुटुंबे आली, खुर्च्यांवर बसली, घड्याळाकडे बघू लागली. ठरलेली वेळ टळून गेली. मग बाहेर ट्रकचा आवाज आला आणि बंद झाला नाही. इंजिन चालूच राहिले.

रोवेना एकटीच आत आली. काखेत टॉवेल. ती सरळ स्टकीपाशी गेली.

“तुम्ही मला पाण्यात उतरवणार होतात. ते कोफोडला करू दे.”

“हो.”

“राग नाही माझा. तुम्ही खोटं बोलला असतात तर रीडने ओळखलं असतं, आणि मग मी इथे नसते. पण पाण्यात मला धरेल त्याला तरी ठाऊक असायला हवं. मला एवढी भीती वाटते पाण्याची.”

पांढरा झगा घालून ती पायऱ्या उतरली. कोफोडने उजवा हात वर करून शब्द उच्चारले आणि तिला मागे झुकवले. दोन्ही काठांवर दोन साक्षीदार उभे होते, टॅनर आणि स्टकी. सारे शरीर पाण्याखाली गेले पाहिजे, बोटाचे टोकही बाहेर राहता कामा नये. एवढेच त्यांनी पाहायचे. रोवेना घाबरून ताठरली, पाणी उसळले, ती खोकत, ठसकत वर आली. टॅनरने मान डोलावली. कुणीतरी हुंदका दिला.

कोफोडने स्टकीकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी होती.

“कोपर वर राहिलं,” स्टकी म्हणाला. “उजवं. पुन्हा करावं लागेल.”

“मला तर...” टॅनर पुटपुटले.

“मी पाहिलंय.”

रोवेनाने चेहऱ्यावरचे पाणी निपटले आणि त्याच्याकडे बराच वेळ बघितले. तिचे दात वाजत होते.

“नक्की?”

“नक्की.”

तिने कोफोडचे मनगट घट्ट धरले. “चल पोरा. परत.”

दुसऱ्या वेळी पाणी तिच्यावर पूर्ण मिटले. स्टकीने मान हलवली.

ती कपडे बदलत असताना तो ओल्या झग्याची पिशवी घेऊन ट्रकपाशी गेला. रीडने काच खाली केली.

“झालं?”

“झालं. दोनदा करावं लागलं. पहिल्यांदा कोपर वर राहिलं होतं.”

“टॅनरला दिसलं? त्याला स्वतःचं कोपर दिसत नाही.”

“मला दिसलं.”

रीडने पिशवी घेतली आणि मागे टाकली. “तुझ्या बापाचा गोठा आहे म्हणे.”

“हो.”

“चांगलं काम असतं,” रीड म्हणाला आणि काच वर केली.

रोवेना आली, तिच्या केसांतून वाफ निघत होती. तिला आत घेताना रीडने तिच्याकडे पाहिले नाही. हीटरवर पसरून ठेवलेली घोंगडी त्याने उचलली आणि तिच्या डोक्यावर घातली. मग भाजल्याच्या डागांचे ते दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवून तो हळूहळू केस पुसू लागला. काचेवर वाफ धरली. ट्रक बराच वेळ हलला नाही.

स्टकी आत गेला. हौद रिकामा करायचा होता. कोफोड काठावर ओल्या कपड्यांत तसाच बसला होता. स्टकीने बाह्या दुमडल्या आणि तळाचे बूच काढायला हात पाण्यात घातला. ते अजून कोमट होते.